पेठ दिव्यांनी वसत नाही

(सोलापुरात पूर्वभागातील विणकर, विडी कामगार आणि बाजारास आलेले शेतकरी यांच्या सभेत आम्ही केलेले भाषण. जे बंधू त्या दिवशी येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी ते येथे देत आहोत.)



हातातले काम टाकून तुम्ही येथे आलात. ज्याची मजुरी उक्ती आहे त्याने तासभर बसून भाषण ऐकणे म्हणजे पदरचे पैसे मोडणेच होय, हे आम्ही जाणतो. म्हणून पाल्हाळ न लावता मुद्द्याला हात घालतो.

आपल्या शहराचा मध्यभाग उतरणीला लागला आहे. तो पुन्हा कसा वसवावा याची चर्चा आज दहा वर्षे चालू आहे. तिला ‘शहराचा कायापालट’ असे गोड नाव आहे. त्या कायापालटाची रंगीत चित्रे तुम्ही चौकाचौकांतल्या फलकांवर पाहिलीच असतील. गुळगुळीत रस्ता, दोहों बाजूंना झाडे, कारंजे, दिव्यांचे खांब, आणि हातात काही ओझे नसलेली माणसे सहज फिरत आहेत! आम्ही ती चित्रे फार बारकाईने पाहिली. त्यांत माग कोठे दिसला नाही. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई दिसली नाही. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली माळीण दिसली नाही. तेव्हा आमच्या मनात प्रश्न आला की, हे शहर ज्यांच्यासाठी सुधारावयाचे आहे ते लोक कोण? आणि त्यांत आम्ही आहो की नाही?

मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट या बाजूंचे शेतकरी बंधू येथे बसले आहेत. त्यांतला कोणी म्हणेल, ‘शहर वसो की उजाड होवो, आमच्या औताला त्याचे काय?’ बाबा, त्याचे फार आहे. तुझी ज्वारी खाणारा कोण? तुझा कांदा, तुझी वांगी रोज पावशेर-अर्धाशेर घेणारा कोण? बंगलेवाला महिन्यातून एकदा गाडी भरून नेतो. पेठेतला मजूर मात्र रोजची मजुरी रोज बाजारात ओततो. त्याच्या हातात पैसा खेळला तर तुझ्या पाटीला गिऱ्हाईक. शिवाय कोरडवाहू चार एकरांवर तीन भाऊ पोसत नाहीत म्हणून धाकट्याला शहराची वाट दाखविली, असे घर तुमच्यात किती आहे, हे आम्ही सांगावयास नको. पूर्वी ती वाट सोलापूरच्या गिरणीच्या दारात संपत असे. आता ती पुण्याला जाते. ज्या चार वीरांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले, त्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या स्मृतीसाठी एका आगगाडीला ‘हुतात्मा’ असे नाव दिले आहे. ती गाडी आमची तरणीताठी पोरे भरभरून पुण्यास नेते. चांगल्या नावाच्या गाडीने वाईट कामगिरी करावी, असा हा योग आहे.

आता शहर वसते कसे ते पाहू. यासाठी परदेशी पंडितांची पुस्तके उघडण्याची गरज नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावाला नावारूपाला आणले. त्यांनी काय केले? अडुसष्ट लिंगे स्थापिली, म्हणजे गावाची शीव आखली, आणि तलाव खोदविला. राजवाडा बांधला नाही, वेशीला सोन्याचा कळस लावला नाही. अवर्षणाच्या मुलखात आधी पाणी! संक्रांतीला सात नंदीध्वज खांद्यावर घेऊन आपण ज्या वाटेने जातो ती त्याच गावाची प्रदक्षिणा आहे. काठी मिरविताना हजारो लोक जमतात. पण त्या महापुरुषाने कुदळ कोठे मारली, याचा विचार करणारे थोडे.

पुढे मराठेशाहीत पेठा वसविण्याची एक रीत होती. पेठ वसवावयाची झाली म्हणजे शेटे-महाजनांना कौल दिला जाई. या, दुकाने मांडा, माग मांडा, अमुक वर्षे जकात माफ, अमुक वर्षे पट्टी माफ, असे त्यात लिहिलेले असे. आधी माणूस आणावयाचा, त्याच्या धंद्याला सवलत द्यावयाची. चिरेबंदी बांधकाम ज्याचे तो करी. अलीकडचा दाखला पाहिजे असेल तर कोल्हापूरचा घ्या. शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरी वसविली ती गुळाच्या व्यापारासाठी. शेतकऱ्याचा गूळ आधी, पेठ नंतर. म्हणून ती पेठ टिकली.

सोलापूरची गोष्टही अशीच आहे. १८६० साली आगगाडी आली. १८७६-७७ चा तो भयंकर दुष्काळ पडला, आणि त्याच १८७७ साली जुन्या गिरणीचा भोंगा वाजला. शेत करपले तेव्हा गिरणीने हात दिला, की शेत करपल्यामुळे गिरणीला हात स्वस्त मिळाले, हे ज्याने त्याने ठरवावे. त्याच वर्षी १ जानेवारीस पुण्याला कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ पत्र काढले, आणि पुढे ते मुंबईहून चालविणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणीकामगाराला आठवड्याची सुटी मिळावी म्हणून जे रण माजविले त्याचे फळ १० जून १८९० रोजी मिळाले. आज रविवारी जो पाय पसरून निजतो त्याने लोखंड्यांचे नाव घ्यावे.

मग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या तीस-पस्तीस वर्षांत उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकातून लिंगायत आले, मुसलमान मोमीन आले, मराठे, धनगर, महार, मांग खेड्यांतून आले. ज्यांच्यावर सरकारने ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का मारून काटेरी तारेच्या आत कोंडले होते, त्या सेटलमेंटमधल्या माणसांकडूनही गिरण्यांनी काम करून घेतले. १९५२ साली तो कायदा उठला. या सर्वांच्या घामावर साखरपेठ, दाजीपेठ, भवानीपेठ भरल्या. चाटी गल्लीत कापड आणि सराफ कट्ट्यावर सोने विकले गेले ते याच पगारावर. पगाराच्या दिवशी मधल्या मारुतीपाशी पाय ठेवावयास जागा नसे, असे म्हातारे सांगतात. तेव्हा त्या चौकात कोणते नक्षीदार खांब होते? कंदील होते. पण खिशात पैसा होता.

आता एक गोष्ट सांगतो. ती आमच्या पोरांना शाळेत कोणी सांगत नाही, आणि ती सांगितल्यावाचून पुढचे समजावयाचे नाही.

१९४९ च्या ऑगस्टात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, मालकांनी बंद केली. हजारो माणसे रस्त्यावर आली. स्वातंत्र्य मिळून दोनच वर्षे झाली होती. १९५० च्या जानेवारीत, घटना अमलात येण्याच्या अगोदर थोडे दिवस, हिंदुस्थान सरकारने वटहुकूम काढून या गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला. कारण काय दिले? गैरव्यवस्थेमुळे लोकांच्या गरजेच्या मालाचे उत्पादन बुडाले आणि मोठी बेकारी माजली, हे. पाहा, एका गिरणीसाठी दिल्लीच्या सरकारला निराळा कायदा करावा लागला! त्यावर कंपनीचा एक भागीदार सुप्रीम कोर्टात गेला. १९५० च्या डिसेंबरात त्याचा अर्ज फेटाळला गेला. मग दुसरा भागीदार गेला आणि १९५३ साली जिंकला. कोर्टाने म्हटले की, मोबदला दिल्यावाचून कंपनीची मालमत्ता अशी ताब्यात घेणे घटनेला धरून नाही. पुढे १९५५ साली घटनेत चौथी दुरुस्ती झाली, तिच्यामागे ज्या थोड्या खटल्यांचे कारण होते त्यांत आपल्या सोलापूरचा हा खटला होता.

न्यायमूर्तींची विद्वत्ता मोठी. तिजविषयी आम्ही बोलत नाही. कायदा होता तसा त्यांनी वाचला. पण त्या सबंध भांडणात दोनच पक्ष होते, सरकार आणि भागीदार. ज्याने वीस-वीस वर्षे त्या साच्यावर तुटलेले धागे जोडले, ज्याच्या बायकोने रिळावर डोळे घालविले, त्याचा त्या गिरणीत काही भाग आहे की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. कोणी मांडलाच नाही. शेअरच्या कागदाला मालमत्ता म्हणतात. हाताच्या कसबाला काय म्हणावे, हे अजून कोठे लिहिलेले नाही. आम्ही म्हणतो, सोलापूरच्या दुखण्याचे मूळ येथे आहे. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली तेव्हा हाच हिशेब झाला. यंत्रे भंगारात गेली, बँकेने आपले पाहिले, मालकाने आपले पाहिले, जमिनीवर ज्याचा त्याचा डोळा गेला, आणि कामगार आपली थकलेली देणी मिळतील म्हणून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत म्हातारा झाला.

गिरणी गेली तरी कसब गेले नाही, ही आमच्या लोकांची थोरवी. माणूस गिरणीतून निघाला आणि त्याने घराच्या पडवीत दोन यंत्रमाग मांडले. दोनाचे आठ केले. जॅकार्डवर फुले, मोर काढून सोलापूरची चादर देशभर पोहोचविली. भौगोलिक मानांकन म्हणून जो सरकारी शिक्का मिळतो तो महाराष्ट्रात पहिल्यांदा मिळविणाऱ्यांत आपली चादर व टॉवेल आहेत. पण शिक्क्याने पोट भरत नाही. पानिपतचा स्वस्त माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो आणि खरा सोलापुरी माल गोदामात पडतो. सुताचा भाव सट्ट्यासारखा चढतो-उतरतो. २०१६ ची नोटबंदी आणि २०१७ चा नवा कर हे दोन्ही घाव ज्याच्या पदरी चार-सहा माग होते त्याला मोठ्यापेक्षा अधिक बसले. शाळेचे व कंपन्यांचे गणवेश शिवण्याचा धंदा अलीकडे वाढला आहे, त्याने काही घरे सावरली; ते आम्ही नाकारीत नाही.

अशा स्थितीत २०१६ च्या जानेवारीत दिल्लीहून बातमी आली की, ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर निवडले गेले. पेढे वाटले गेले. केंद्राकडून एकेका शहरास ५०० कोटीपर्यंत रुपये, त्याच्या जोडीला राज्याचे व पालिकेचे. स्मार्ट म्हणजे हुशार, चलाख. आम्हांस आनंद झाला की, चला, शहर हुशार झाले तर आमचे बरेच होईल.

नऊ वर्षांनी, मार्च २०२५ अखेर, ती योजना संपली. काय काय झाले ते पाहा, आणि द्वेषाने नव्हे, न्यायाने पाहा. होम मैदान सुधारले. पार्क स्टेडियम नवे केले. रंगभवनाकडला रस्ता गुळगुळीत झाला. अप्पासाहेब वारदांनी बांधलेले इंद्रभुवन, ज्यात पालिकेची कचेरी होती, त्याची डागडुजी झाली. ती चांगली गोष्ट आहे, सुंदर इमारत पडू देणे हा करंटेपणा ठरला असता. रस्त्यावर दिवे लागले. अंधारात कारखान्यातून घरी येणाऱ्या बाईला दिव्याची किंमत विचारा, ती आम्हांपेक्षा नीट सांगेल.

पण या सगळ्या काळात सोलापूरकराला नळाचे पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांआड मिळत राहिले. उजनी धरण ११७ टीएमसीचे, १९८० साली पुरे झालेले, आपल्याच जिल्ह्यात. तेथून शंभर किलोमीटरांवर पाणी आणणारी दुसरी जलवाहिनी याच योजनेत धरली होती. दिवे लवकर लागले, रस्ता लवकर झाला, आणि जलवाहिनीचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. सिद्धरामेश्वरांनी ज्या कामाने आरंभ केला ते काम आमच्या हुशार शहराने शेपटाशी ठेवले! आणि मोठी नळी शहरापर्यंत आली म्हणजे झाले असेही नाही. पेठांतल्या जुन्या, गंजलेल्या वाहिन्या बदलल्याशिवाय ते पाणी शेवटच्या गल्लीत चढणार कसे?

तुम्ही म्हणाल, पाणी म्हणजे घरचा प्रश्न, त्याचा पेठ वसण्याशी काय संबंध? पाणी येणार त्या दिवशी बाई विड्या वळीत नाही, भांडी भरते. हजार विड्यांची मजुरी त्या दिवशी बुडाली. मुलगी शाळा बुडविते. सूत रंगवावयाला तर पाणीच लागते, तेथे टँकरचे पैसे मोजावे लागतात, ते चादरीच्या किमतीत चढतात आणि पानिपतवाला आणखी स्वस्त पडतो. ज्याला जमते तो होटगी रस्त्याकडे, जुळे सोलापुराकडे घर घेतो, बोअर मारतो आणि पेठेला रामराम ठोकतो. मागे कोण राहते? ज्याला जाता येत नाही तो. पाच दिवसांच्या पाण्याने पेठा जेवढ्या ओस पाडल्या तेवढ्या कशानेही पाडल्या नसतील, असे आमचे ठाम मत आहे.

बरे, हा क्रम ठरविला कोणी? योजना चालविण्यासाठी एक कंपनी काढली होती. निवडून आलेले सभासद तिच्यात असून नसल्यासारखे. त्यातून मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभेची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ सगळा कारभार एकट्या प्रशासकाच्या हाती राहिला. तुमच्या गल्लीतला नगरसेवक चांगला असेल वा वाईट असेल, त्याच्या दारात उभे राहून चार शब्द सुनावता येतात. प्रशासकाच्या दारात शिपाई उभा असतो. पैसा आला आणि गेला तो अशा काळात.

आता घरांविषयी. येथे आम्ही थोडे सविस्तर बोलणार आहो, कारण यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

कॉम्रेड नरसय्या आडम मास्तरांच्या पुढारीपणाखाली विडी कामगार बायांनी घरासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. कोणाला त्यांचा लाल झेंडा आवडो न आवडो, २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरांच्या किल्ल्या बायांच्या हातात पडल्या हे सत्य आहे. मग रायनगरची तीस हजार घरांची योजना आली. यंत्रमाग कामगार, विडीवाल्या, कचरा वेचणाऱ्या यांच्यासाठी. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्यांतली पंधरा हजार घरे दिली गेली. जी बाई पत्र्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या भाड्यात, तीन पोरे घेऊन राहत होती, तिला तीनशे चौरस फुटांचे पक्के घर मिळाले. तिच्यापुढे उभे राहून ‘हे चूक झाले’ म्हणणाऱ्याला आम्ही माणूस म्हणणार नाही.

पण बायांनो, तुम्हीच आम्हांस सांगितलेत ते येथे उघड बोलतो. घर कुंभारीला, काम अशोक चौकाकडे. पान-तंबाखू आणावयाची तर बस, वळलेल्या विड्या घालावयास जावयाचे तर बस. बस चुकली तर रिक्षा. नवऱ्याची रात्रपाळी सुटते तेव्हा बस नसते. पूर्वी शेजारीण पोराकडे बघे, आता शेजारीण नवी. आणि इकडे भवानीपेठेत तुम्ही सोडलेल्या खोलीला कुलूप, खाली चहाच्या टपरीला गिऱ्हाईक नाही, पलीकडचा किराणावाला दुकान मोडण्याच्या बेतात. म्हणजे पंधरा हजार घरे वसली आणि तितकी चुली पेठांतून हलल्या. यात दोष घरे मागणाऱ्यांचा नाही. गरिबाचे घर म्हटले की, शहराबाहेरच्या स्वस्त माळावरच बांधावयाचे, आणि शहराच्या पोटात गिरण्यांच्या जमिनी गवत माजवीत पडू द्यावयाच्या, ही जी सरकारी बुद्धी आहे तिचा आहे. नरसिंग गिरजी गिरणीच्या आवारापासून बाजार किती पावलांवर आहे ते चालून पाहा!

यावर कोणी आक्षेप घेईल की, काम व घर एकत्र असणे धोक्याचे आहे. आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. मालकाचे कुटुंब तेथेच राहत होते, कामगाराचे कुटुंबही तेथेच. त्यांत कडेवरचे मूल होते. सूत आणि टॉवेल म्हणजे कापूस, ठिणगी पडली की वणवा. आमचे म्हणणे असे नाही की, मागाच्या डोक्यावर निजावे. दहा मिनिटे पायी चालून कामावर जाता यावे, एवढेच आम्ही मागतो. माग वेगळ्या, हवेशीर गाळ्यात. घर पलीकडच्या गल्लीत. मध्ये बंब शिरेल एवढा रस्ता. आज पेठेत जे आहे तेही नाही आणि माळावर जे बांधतात तेही नाही, असे हे तिसरे आहे.

गिरणीच्या जमिनीचे काय होते हे मुंबईने दाखविले आहे. १८ जानेवारी १९८२ ला तेथला मोठा संप सुरू झाला. गिरणगाव उठले ते पुन्हा बसले नाही. १९९१ साली नियम झाला की, गिरणीची जमीन दुसऱ्या कामाला काढली तर ढोबळ मानाने एक वाटा शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक वाटा घरांसाठी, एक वाटा मालकाला. गरिबाने म्हटले, ठीक. २००१ साली त्या नियमाला एक बारीक शब्द जोडला गेला. वाटणी करावयाची ती फक्त ज्या जागेवर इमारत नाही तेवढ्याच जागेची. गिरणीत मोकळी जागा ती किती? वाटा आटून बोटभर राहिला. २००६ साली सुप्रीम कोर्टाने तो बदल मान्य केला. आज परळला जाऊन पाहा, जेथे साचे फिरत होते तेथे काचेचे बाजार आहेत, आणि ज्याच्या बापाने साचे चालविले तो तेथे रखवालदार आहे. तेव्हा सोलापूरच्या बंधूंनो, मोठे भाषण ऐकून टाळी वाजवू नका; बारीक शब्द वाचा. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या.

उलट उदाहरणही आहे, ते सातासमुद्रापलीकडचे. अमेरिकेत लोवेल म्हणून गाव आहे. दोनशे वर्षांपूर्वी तेथे नदीच्या पाण्यावर कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बुडाल्या. गाव भिकेला लागले. त्यांनी गिरण्या पाडल्या नाहीत. १९७८ साली त्या सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून राखल्या. एका गिरणीत तर जुने माग अजून चालवून दाखवितात, म्हणजे नातवाला कळावे की आजी काय करीत होती. पुष्कळ इमारतींत राहण्याची घरे केली. पण आमच्या मते त्या गावाला ऊब आली ती नुसत्या संग्रहालयाने नव्हे. कंबोडियातल्या कत्तलीतून जीव घेऊन पळालेली हजारो माणसे १९८० नंतर तेथे येऊन राहिली. त्यांनी रिकाम्या गल्ल्यांत दुकाने मांडली, भाजी विकली, पोरे शाळेत घातली. म्हणजे पुन्हा तीच पेठ वसविण्याची गोष्ट, माणूस आधी. तेथेही सर्व गोड झाले असे नाही, दारिद्र्य आजही आहे. पण गल्ल्यांत वर्दळ आहे.

आता आमचे मागणे काय, ते सांगतो. गिरण्यांच्या ज्या जमिनी सरकारच्या किंवा सरकारी महामंडळाच्या हाती आहेत त्या लिलावाने बिल्डराला जाऊ नयेत. तेथे मागांचे गाळे भाड्याने द्यावे, रंगकामाच्या पाण्याची शुद्धीची सोय एकत्र करावी, आणि उरलेल्या जागेत कामगारांची घरे बांधावी. जुन्या पेठांत जी घरे पडावयास आली आहेत त्यांच्या दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज द्यावे. आजचा नियम असा की, पाडून उंच इमारत बांधणाऱ्याला सवलत, आणि भिंत सावरून राहणाऱ्याला नोटीस. पाणी रोज, थोडे का होईना, पण रोज. बाकीचे सौंदर्य त्यानंतर. रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे; त्यात फेरीवाल्यांच्या समितीत शेकडा चाळीस सभासद त्यांनीच निवडून द्यावयाचे आहेत. तो कायदा हातात घेऊन बसा. रस्ता देखणा करावयाच्या नावाखाली आधी उठविली जाते ती माळीण, आणि मग म्हणतात, बाजार ओस का पडला!

आणि थोडे आपल्या आपल्यांत. या शहरात तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू अशा चार भाषा नांदतात, हे आपले भूषण म्हणून मिरवितो. पण नगरसेवक निवडताना प्रत्येक पेठ आपल्या जातीचा माणूस पाहते, मग तो पाण्याविषयी तोंड उघडो वा न उघडो. माग चालविणारा आणि मागाचा मालक एका जातीचे असले म्हणून मजुरीचा हिशेब सुटत नाही. जातभाई म्हणून गप्प बसविणारा मालक आणि परका मालक यांत मजुराने फरक करू नये. मार्कंडेयाच्या रथाला खांदा लावणारे आणि गड्ड्याच्या जत्रेत काठी धरणारे एका सभेला एकत्र बसतात तेव्हाच अधिकारी खुर्चीतून उठतो. आम्ही हे पाहिले आहे.

विमान आले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २०२५ साली गोव्याची व मुंबईची विमाने सुरू झाली. त्यासाठी जून २०२३ मध्ये साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली गेली. ऊस घालणारे शेतकरी रडले, व्यापारी खूष झाले. विमानाने व्यापार वाढेल असे म्हणतात, वाढो. परगावचा खरेदीदार उतरून चाटी गल्लीत येईल तेव्हा तेथे विणणारा शिल्लक असावा, एवढेच.

शहराचा विकास आराखडा जेव्हा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती घेण्यास ठरावीक थोडे दिवस मिळतात, आणि ते दिवस आपल्याला कळत नाहीत. म्हणून आजच एक काम वाटून घ्या. प्रत्येक पेठेतून दोन पुरुष व दोन बाया पुढे या. गल्लीगणिक वही करा. किती माग चालू, किती बंद, किती घरांना कुलूप आणि ते केव्हापासून, पाणी शेवटचे कोणत्या तारखेला आले, किती वाजता आले, किती वेळ होते. शेतकरी बंधूंनी लिहावे की, कोणत्या चौकात बसतात आणि कोणी उठविले. तारीख घालावी, सही किंवा अंगठा घ्यावा. साखरपेठेची वही कोण घेतो? दाजीपेठेची? नावे येथेच सांगा, आम्ही लिहून घेतो.